पाव फेरा मागे

अमरावतीहून वलगावकडे जाताना लष्कराचे दोन तळ होते. नेमके कुठे ते विचारू नका. ज्या नोकरीत उभी हयात काढली तिनं एवढी शिस्त तरी लावलीच आहे. एका तळावर सामानाचं भांडार, दुसऱ्यावर नव्या भरतीचं ट्रेनिंग. मध्ये दोन पुरुष उंच भिंत, वर फुटक्या काचा. मी भांडाराकडचा पंप ऑपरेटर. वर्दी नाही, बंदूक नाही. सिव्हिलियन म्हणतात आम्हाला. कडक सॅल्यूट ठोकणाऱ्यांच्या गर्दीत आम्ही खिशात पाना घालून फिरणारी माणसं.

मी आलो तेव्हा हे दोन तळ एकमेकांना बादलीसुद्धा उसनी देत नसत. इकडचे साहेब वेगळे, तिकडचे वेगळे. इकडचा झेंडा वेगळा, तिकडचा वेगळा. कुत्री मात्र दोन्हीकडची आधीच एक झालेली होती. मेसमधलं उरलंसुरलं जिकडे पडे तिकडे सगळी मिळून जात. माणसांना तेवढी अक्कल यायला पाण्याची टंचाई यावी लागली.

तिकडच्या बोअर फेब्रुवारीतच आटायच्या. आमच्याकडे दोन चांगल्या होत्या. एका उन्हाळ्यात वरून हुकूम आला की भांडारानं शेजारच्या तळाला रोज सकाळी सहा ते नऊ पाणी द्यावं. भिंतीखालून पाइप गेला, भिंतीलगत आमच्या बाजूला चेंबर बांधला, त्यात एक मोठा व्हॉल्व बसवला. आणि भिंतीला एक लोखंडी दार पाडलं, एक माणूस वाकून जाईल एवढं. त्या दारातून पहिल्याच दिवशी तिकडचा पंप ऑपरेटर वाकून आत आला, हातात चहाची किटली, आणि मला म्हणाला, "पानी तुमचं, चहा आमचा. हिसाब बरोबर."

तो हिवरखेडचा. घरी भाजीची शेती. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणायचो आणि तो मला लेका म्हणायचा. सुरुवातीला तो भेटला की "राम राम" म्हणे आणि मी "जयभीम" म्हणे. कुणीच मागे हटेना. मग एका सकाळी तोच आधी म्हणाला, "जयभीम, लेका!" माझी गंमत करायला. मीही जिरवायला म्हणालो, "राम राम, भाऊ!" आणि तीच सवय पडून गेली. पुढं सगळी वर्षं तो मला जयभीम घालायचा आणि मी त्याला राम राम. नवीन आलेला हवालदार आमच्याकडे टकमक बघत राहायचा.

आता व्हॉल्वचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच येऊन पडलं. सहाला मी चाकात लांब लोखंडी किल्ली अडकवून तो उघडायचो, नऊला बंद करायचो. बंद करताना चाक पुरतं आवळायचं आणि मग पाव फेरा मागे घ्यायचं, ही माझी खोड. ज्या म्हाताऱ्या फिटरच्या हाताखाली मी काम शिकलो त्यानं ती लावली. गच्च आवळलेला व्हॉल्व गंजून बसतो, मग दोन माणसं लागतात उघडायला, असं त्याचं म्हणणं. दुसरा कुणी फिटर असं करत नाही, कारण त्यानं पाणी पुरतं थांबत नाही. थोडं गळत राहतं.

ते गळणारं पाणी कुठं जायचं, तर तिकडच्या सगळ्यात खालच्या नळाला. भाऊनं तो नळ हेरला आणि त्याच्याखाली वाफा केला. वांगी, पालक, मिरची, कडेला चार झाडं झेंडूची. दिवसभर टिपटिप पाणी. सरकारी पाण्यावर सरकारी जमिनीत शेती!

"भाऊ, कोर्ट मार्शल होईल तुमचं," मी म्हणायचो.

"व्हॉल्व तुहा, पाव फेरा तुहा. फाशी तुले होईन. मी फक्त वांगे खाऊन राहिलो."

त्या वांग्यांची भाजी मीही खाल्लेली आहे, त्यामुळे तोंड बंद.

माझं घर तेव्हा म्हणजे क्वार्टरची दीड खोली आणि वडील. बायको अकोल्याला शाळेत शिक्षिका. शनिवारी संध्याकाळी एसटीनं यायची, सोमवारी पहाटेच्या बसनं परत. बदली मागून मागून आम्ही थकलो. वडिलांनी आयुष्यभर अकोटच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलल्या आणि म्हातारपणी अर्धांगवायूनं त्यांचा उजवा अर्धा भाग नेला. बोलणं गेलं. त्यांना अमरावतीचा डॉक्टर, गोळ्या, दोन तासांनी कूस बदलणं. मी पंपावरून धावत जायचो आणि धावत यायचो. आमचं क्वार्टर पंपाला लागून होतं म्हणून ते जमत होतं, नाहीतर कुठलं जमतंय!

दर रविवारी भाऊ दारातून वाकून यायचा तो दाढीचं सामान घेऊन. वडिलांची दाढी तोच करायचा. माझ्या हाताला वडील तोंड फिरवत. मी चिडचिड करतो, ब्लेड लागतं. भाऊ गरम पाण्यात टॉवेल पिळून त्यांच्या गालावर ठेवायचा आणि गप्पा मारत राहायचा, जसं काही पलीकडून उत्तर येतंय. "काय काकाजी, सरकीचा भाव काय म्हन्ते?" वडील डाव्या बाजूनं हसायचे. आठवड्यातून एकदाच हसायचे, तेवढं.

पाण्यामागून बाकीचं आलं. आधी आगीचा बंब दोघांत एक झाला. मग दवाखाना. मग मेसचा ब्रेड. मग मुलांना शाळेत नेणारी बस. दरवर्षी काहीतरी भिंतीतून इकडून तिकडे जाऊ लागलं आणि शेवटी वरच्या कुणाला तरी प्रश्न पडला असणार, की हे सगळं एकच आहे तर दोन कशाला? दोन्ही तळ मिळून एक करायचा हुकूम निघाला. एक साहेब, एक झेंडा, एक गेट. आणि पंप ऑपरेटर एक.

तो कागद आम्ही दोघांनी सोबतच वाचला, पंपहाउसच्या ओट्यावर बसून. दोघांपैकी एकाची पोस्ट राहणार, दुसरा सरप्लस. सरप्लस म्हणजे जिथं जागा असेल तिथं पाठवतील. जागा होती राजस्थानात, वाळवंटातल्या एका तळावर.

"माही सर्व्हिस जास्त आहे," भाऊ म्हणाला. "नियमानं मी राहीन इथं."

"हो."

"मंग काकाजीचं काय?"

मला राग आला. त्याचा नाही, त्या प्रश्नाचा. "माझा बाप आहे, मी बघीन काय ते. तुमी कायले डोकं खाता?" मी असाच बोलतो. भाऊ किटली उचलून निघून गेला, आणि मी तिथंच बसून वडिलांना घेऊन वाळवंटात कसं जायचं याचा विचार करत राहिलो. रेल्वेचे दोन दिवस. अनोळखी डॉक्टर. बायको अकोल्यात. खरं सांगतो, त्या दिवसापासून मी भाऊकडे बघायचो तेव्हा, हा माणूस नसता तर, असं वाटून जायचं. ज्याच्या हातची वांगी खाल्ली त्याच्याबद्दल असं वाटलं. लिहितानाही लाज वाटते.

एकत्र होण्याचा कार्यक्रम एका रविवारी ठरला. त्याच्या आदल्या दिवशी कामाची नवी वाटणी झाली. आता पाणी वेळेवर सोडायचं-बंद करायचं नाही, व्हॉल्व कायम उघडा राहील, तिकडच्यांना टाक्या भरून ठेवायची गरज नाही. चेंबरचा चार्ज भाऊकडे, पंप माझ्याकडे. महिनाभर काम बघून कोण राहणार ते साहेब ठरवणार, असंही सांगितलं. नुसती सर्व्हिस नाही, कामही बघणार.

त्या रविवारी सकाळपासून धावपळ. तिकडचा झेंडा उतरवला, बिगुल वाजलं, जुने दोन्ही बोर्ड काढून नवा लांबलचक नावाचा बोर्ड लावला. तिकडचं गेट कायमचं बंद केलं. दुपारी सगळ्यांना मिळून बडा खाना, तोही तिकडच्या मेसमध्ये. मोठे साहेब जेवून हात धुवायला नळाशी गेले. नळ फुसफुसला. दोन थेंब पडले आणि बंद. दुसरा नळ, तोच प्रकार. आत भांड्यांचे डोंगर, स्वयंपाकी बोंबलतोय, बॅरेकचे संडास कोरडे ठणठणीत. साहेबांच्या बोटांना वरण लागलेलं आणि आजूबाजूला दहा अधिकारी खाली बघत उभे.

सुभेदार साहेब आम्हा दोघांना घेऊन चेंबरकडे धावले. झाकण काढलं. व्हॉल्व बंद.

"चेंबर किसके चार्ज में है?"

"मेरे, साहब," भाऊ म्हणाला.

"बंद किसने किया?"

आणि मला माझी किल्ली दिसली. व्हॉल्व फिरवायची लांब लोखंडी किल्ली आदल्या दिवशीच मी भाऊला सोपवली होती, ती चेंबरजवळच्या खुंटीला असायला पाहिजे. ती माझ्या पंपहाउसच्या दाराला टेकून उभी होती. नऊ वाजता, एवढ्या धांदलीत, माझे पाय आपोआप चेंबरकडे गेले होते. माझ्या हातांनी चाक आवळलं होतं. डोक्याला पत्ताच नव्हता. इतक्या वर्षांची सवय! तळ एक झाले, झेंडा एक झाला, पण माझ्या हातांना कुणी हुकूमच वाचून दाखवला नव्हता.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. आणि मला वडील दिसले, रेल्वेच्या बाकावर आडवे, तोंडातून लाळ.

मी मिठाची गुळणी धरून उभा राहिलो.

भाऊनं चेंबरमध्ये पाहिलं. मग वळून उघड्या दारातून पलीकडच्या त्याच्या वाफ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे नाही, सरळ सुभेदार साहेबांकडे पाहून म्हणाला, "मेरे हाथ से हो गया, साहब. पुरानी आदत."

मी स्वतःला काय समजावलं माहीत आहे? की भाऊला खरंच वाटतंय, त्यानंच केलं असावं. त्याचं वय झालं, विसरला असेल, आपण कशाला बोला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर दिवसाढवळ्या ऊन पडलं होतं, तरी मी डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी तो दारातून वाकून आला. हातात दाढीचं सामान. "रविवार हाय ना," एवढंच म्हणाला. त्यानं वडिलांची दाढी केली. मी त्या वेळात पंपहाउसमध्ये जाऊन उगाच नट-बोल्ट पुसत बसलो.

महिन्यानं यादी लागली. भाऊच्या नावापुढे निष्काळजीपणाचा शेरा होता. तो गेला. जाताना म्हणाला, "वांग्याले पानी देत जाजो. आता तिथं टिपटिप नाई येनार." मी मान हलवली. स्टेशनवर गेलो नाही. पंपावर ड्यूटी होती, असं सगळ्यांना सांगितलं. ड्यूटी नव्हती.

पुढच्या रविवारी त्याचा फोन आला. मी बघत राहिलो. वाजून वाजून थांबला. काय बोलणार होतो मी? त्यापुढच्या रविवारी परत. वडिलांच्या दाढीची वेळ आणि त्याच वेळी फोन. मी दाढी करताना वडील दाराकडे तोंड करत, मग मी ओरडायचो, "नाई येत तो आता! कुठून येईन?" आणि त्या ओरडण्यात ब्लेड लागायचं.

वडील चौथ्या महिन्यात गेले. ज्यांच्यासाठी मी गप्प राहिलो ते चार महिने पुरले. भाऊला मी कळवलं नाही. कुणीतरी कळवलंच असणार, कारण त्या आठवड्यात त्याचा फोन दिवसातून तीनदा वाजला. मी नाही उचलला. मग वाजायचाच बंद झाला.

भिंत पाडली त्या वर्षी. विटा कुठल्याशा शेडला वापरल्या. वाफा त्यात तुडवला गेला. पंपावर पेटी बसवली, टाकी रिकामी झाली की मोटर आपोआप सुरू होते, भरली की आपोआप बंद. मी नुसता राखण बसल्यासारखा बसतो. सकाळी सहापासून दोनपर्यंत माझ्याशी बोलणारं कुणी नाही. एवढा मोठा तळ, पूर्वीच्या दुप्पट माणसं, आणि मी दिवसाकाठी जे बोलतो ते मोटरशी. कधी कधी उगाच चहा करायचो, दोन कप काढायचो, आणि मग स्वतःवरच डाफरायचो.

बायकोला मी सगळं सांगितलं, वडील गेल्यावर वर्षानं. ती शनिवारची आली होती, मी भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवलं, आणि ती फटकन म्हणाली, "चूक केली त्यायच्यासंगं अन् तोंड वाजवता माह्यासंगं? फोन लावा न त्यायले." मी नाही लावला. पुढं तिच्याच शाळेतल्या एका हिवरखेडच्या बाईंकडून तिला कळलं, की भाऊ रिटायर होऊन गावी आलेत, अकोटच्या बाजारात भाजी आणतात. "आता रेल्वेचंबी निमित नाई तुमाले," ती म्हणाली.

तरी मी जायला आठ महिने लावले. रविवारी अंजनगावमार्गे अकोट, तिथून दुसरी एसटी हिवरखेडला. मळा विचारत विचारत गेलो. भाऊ मेथीच्या जुड्या बांधत बसला होता. वाळलेला, काळा पडलेला. त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, "राम राम."

राम राम! मला जो इतकी वर्षं जयभीमशिवाय बोलला नाही, त्यानं परक्याला म्हणतात तसं राम राम म्हटलं. मला बसायलाही सुचेना. उभ्यानंच बोललो, "भाऊ, तो व्हॉल्व मी बंद केला होता."

त्यानं जुडीची गाठ मारली. "मालूम हाय."

"केव्हापासून?"

"तवाच. साऱ्या तळाचे नळ कोरडे होते अन् माह्या वांग्याचा नळ टिपटिप करून राह्यला होता. मी बंद केला असता त गच्च केला असता. पाव फेरा मांगं तुह्याबिगर कोन घेते बे?"

मी मेथीच्या ढिगाशेजारी खाली बसलो. "मंग बोल्ले काहून नाई?"

"काकाजीले घेऊन कुठं गेला असता तू? मी धडधाकट मानूस. पोरी दिल्या होत्या, बायको संगं आली. गेलो." त्यानं दुसरी जुडी घेतली. "व्हॉल्वचा मले राग नाई. मले कायचा राग हाय थे सांगू तुले? फोनचा. तिथं रेतीच रेती. बोली समजे ना, बोलाले ओळखीचं मानूस नाई. रविवार आला की मी दाढीचं सामान काढून बसू अन् तुले फोन लावू. वाटे, काकाजीच्या कानाले तरी लावशीन फोन. दोन गोष्टी सांगीन म्हटलं. तू उचललाच नाई. काकाजी गेले थे मले मेसच्या स्वयंपाक्यानं सांगतलं. तुह्या बापाची दाढी केली मी दहा वर्षं, अन् मले स्वयंपाक्यानं सांगतलं."

मला रडू आलं. त्यानं पाहिलं, पण समजूत काढली नाही. मी व्हॉल्वच्या गुन्ह्याची माफी मागायला गेलो होतो आणि तो गुन्हा त्याच्या खात्यात नव्हताच. ज्याला मी लाज म्हणत होतो, त्यापायी मी त्याला तीन वर्षं एकटं बसवलं होतं. आणि स्वतःलाही.

त्याच्या बायकोनं चहा आणला. आम्ही प्यायलो. पावसापाण्याचे चार शब्द बोललो. निघताना मी म्हणालो, "येतो, भाऊ." तो नुसता "बरं" म्हणाला. थांब म्हणाला नाही, परत ये म्हणाला नाही. बायकोनं पिशवीत वांगी घातली, ती त्याच्या सांगण्यावरून की स्वतःच्या मनानं, मला कळलं नाही.

अकोटच्या स्टँडवर अमरावतीची गाडी लागायला अवकाश होता. पिशवी पायाशी ठेवून बाकावर बसलो होतो. खिशातला फोन वाजला. त्याचं नाव. आणि मी खोटं सांगत नाही, माझा अंगठा जुन्या सवयीनं आवाज बंद करायच्या बटणाकडेच गेला. हाताला अजूनही हुकूम पोचला नव्हता. मी दोन्ही हातांनी फोन धरला आणि उचलला.

पलीकडून नुसता श्वास, आणि लांबून कुठल्या तरी मोटारीची घरघर.

"बस भेटली काय?" शेवटी तो म्हणाला.

"नाई अजून. लागते आता."

"हं."

आता मला वाटलं ठेवेल. मी फोन कानाला इतका दाबून धरला की कान दुखला.

"जयभीम," तो म्हणाला.

मी बाकावरून उठून उभा राहिलो.

"राम राम, भाऊ."